काळिंदीची चादर

विश्वनाथने नोएडाला फ्लॅट घेतल्यापासून घरातली सगळी भांडणं तिथेच व्हायला लागली होती. करोल बागेतल्या दोन खोल्यांत आवाज चढला की खालच्या मोटारपार्टच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन वर बघायचा. इथे दिवाणखानाच एवढा ऐसपैस होता की दोन पक्ष समोरासमोरच्या सोफ्यांवर बसले तरी मध्ये काचेच्या टीपॉयला जागा उरायची. आजूबाजूचे निम्मे फ्लॅट अजून रिकामे असल्याने ऐकणारंही कुणी नव्हतं.

त्या शनिवारी रात्री मात्र भांडण ठरलेलं नव्हतं. ठरली होती ती अण्णासाहेबांची सही आणि त्यानंतरचे बेसनाचे लाडू. सुनंदाने ते सकाळीच वळून स्टीलच्या ताटात रचून ठेवले होते, आणि सहीच्या आधी कुणी हात लावायचा नाही असा सुनेचा हुकूम सासऱ्यांसकट सगळ्यांना होता.

अण्णासाहेब पारखी दिल्लीतल्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असताना, जेवणाच्या सुट्टीत फायलीआड दडून, त्यांनी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली होती, ‘सूर्यबियाची चोरी’. चाळीस वर्षांत ती कधी फार गाजली नाही आणि कधी पूर्ण विसरलीही गेली नाही. आता फिल्म सिटीतली एक कंपनी तिच्यावर केबलसाठी हिंदी मालिका करायला निघाली होती. ओळख त्यांच्या मुलाने, विश्वनाथने काढली होती, बँकेतल्या एका खातेदारामार्फत, आणि त्याबद्दल तो महिनाभर मान ताठ करून हिंडत होता. पहिला भाग नमुन्यादाखल तयार होता. दिग्दर्शक प्रतीक स्वतः व्हिडिओ कॅसेट घेऊन आला होता. जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कमरेला पेजर लावलेला, चांगला सावळा आणि अतिशय अदबशीर मुलगा होता तो.

अरुणा सोफ्याच्या टोकाला, अण्णांच्या खुर्चीजवळ बसली होती. अण्णांची थोरली लेक, शाळेत भूगोल शिकवणारी, वडिलांबरोबर करोल बागेतच राहणारी. सहीशी तिला घेणंदेणं नव्हतं. तिला बघायची होती काळिंदी. त्या पुस्तकातली काळी राजकन्या काळिंदी म्हणजे आपण, हे तिला सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं, कारण तेव्हा अंथरुणात पडल्यापडल्या अण्णांनी गोष्ट सांगितली होती ती तिलाच. पुढे पुस्तक छापलं गेलं, नाटक झालं, सत्कार झाले, पण चारचौघांत अण्णा हे कधीच बोलले नाहीत. तिनेही कधी विचारलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी असली इच्छा बाळगणं बरं दिसत नाही, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

“शुरू करें, सर?” प्रतीकने विचारलं.

शंख वाजला, धूर आला, धुरातून एक महाल आला. महालाच्या पायऱ्या उतरत एक मुलगी आली. ती दुधासारखी गोरी होती, डोळे घारे होते, आणि केस तर असे सोनेरी की दिल्लीच्या उन्हातही कुणाचे तसे होत नाहीत.

“अच्छी आहे हं,” सुनंदा म्हणाली. “दासी वाटते.”

“काळिंदी, आंटी,” प्रतीक म्हणाला. “यही हमारी राजकन्या है।”

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा लावला. मुलगी तशीच गोरी राहिली. तेवढ्यात पडद्यावर राक्षस आले. झाडून सगळे डांबरासारखे काळे रंगवलेले होते, दात तेवढे पांढरे.

“बंद करा,” अण्णासाहेब म्हणाले.

विश्वनाथने रिमोट उचलला, पण बंद काही केलं नाही. “अण्णा, पूर्ण तर बघा. एवढी मेहनत केलीय त्यांनी.”

“विश्वनाथ, बंद कर.” मग ते प्रतीककडे वळले आणि आपल्या सरकारी हिंदीत, जणू मेमो लिहायला सांगावा तसे म्हणाले, “मेरे राक्षस सफेद हैं। चुने जैसे। लखलखीत। उनको सिर्फ वही दिखता है जो चमकता है। इसीलिए राजकन्या काली है, और इसीलिए वह सूर्य का बीज चुराकर उनके बीच से निकल जाती है। यह तो पूरी कहानी है। आपने तो उलटी कर दी।”

“आजोबा, बिल्कुल बरोबर,” सोफ्याच्या हातावर बसलेली कृतिका म्हणाली. विश्वनाथ-सुनंदाची ही सतरा वर्षांची मुलगी रंगाने सरळ आत्याच्या वळणावर गेली होती आणि जिभेनेही. “म्हणजे चांगले सगळे गोरे आणि वाईट सगळे काळे. प्रतीकजी, आप सुबह शीशा देखते हैं ना?”

“कृतिका,” सुनंदाने डोळे वटारले. “ते पाहुणे आहेत. आणि टीव्हीवर दिसायला काहीतरी नको का? तुला काय कळतं त्यातलं?”

“मम्मी, पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. आजोबा, काय आहे ते वाक्य?”

अण्णासाहेबांना ते पाठ होतं, पण म्हटलं अरुणाने, हळूच. “काळिंदी इतकी काळी होती, की अमावास्या तिला ताई म्हणायची.”

प्रतीकसाठी विश्वनाथने त्याचं हिंदी करून सांगितलं. प्रतीक मनापासून हसला आणि म्हणाला की वाक्य फार सुंदर आहे, त्याने ते पहिल्यांदाच ऐकलं. आणि खरी अडचण अशी की मालिका प्रायोजित करणारी कंपनी चेहरा उजळ करण्याची क्रीम विकते. दर दहा मिनिटांनी त्यांची जाहिरात लागणार. मध्येच काळी राजकन्या आली तर क्रीमवाले काय म्हणतील.

“क्रीम राक्षसांना विका म्हणावं,” कृतिका म्हणाली. अण्णासाहेबांनी नातीकडे अभिमानाने पाहिलं. विश्वनाथने कपाळावर हात मारला. खोली आता सरळ दोन सोफ्यांत वाटली गेली होती. एकीकडे आजोबा आणि नात, दुसरीकडे नवरा-बायको. अरुणा टोकाला होती आणि तिला कुणी मोजलं नव्हतं. तिला खरं म्हणजे आनंद होत होता. अण्णांना काळिंदीसाठी एवढं चिडलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून निघेल असं तिला वाटायला लागलं होतं.

“मी सही करणार नाही,” अण्णासाहेबांनी जाहीर केलं. खिशाला लावलेलं शाईचं पेन त्यांनी टोपण घट्ट करून आत सरकवलं. “मेरी किताब का यह अपमान है।”

प्रतीकचा चेहरा उतरला. राग नव्हता त्यात, गोंधळ होता. “सर, आप नाराज़ मत होइए। लेकिन मैंने अपनी तरफ से कुछ नहीं किया। जैसा आपने दिखाया, बिल्कुल वैसा ही लिया है। चादर तक।”

“कसली चादर?”

“काली चादर, सर। राजकन्या ओढ़ लेती है तो राक्षसों को दिखती नहीं। हमने उसको जादुई चादर बना दिया। तीसरे एपिसोड में है।”

“माझ्या पुस्तकात चादर नाही.”

“किताब तो मराठी में है, सर, हमारे यहाँ कौन पढ़ता।” प्रतीकने बॅगेतून दुसरी कॅसेट काढली. “विश्वनाथ अंकल ने यह दी थी।”

सगळ्यांनी विश्वनाथकडे पाहिलं. विश्वनाथने छताच्या पंख्याकडे पाहिलं. हिंदी भाषांतर करून देतो असं त्याने कबूल केलं होतं खरं. पण मार्चअखेर आली, मग फ्लॅटला ग्रिल बसवायचं निघालं, आणि शेवटी घरात कॅसेट होतीच. “गोष्ट तीच तर आहे,” तो पुटपुटला. “मंडळाच्या प्रयोगाची आहे. नाटकाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची.”

“लावा,” अण्णासाहेब म्हणाले. पण आवाजातला जोर जरा कमी झाला होता.

लोधी कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ‘सूर्यबियाची चोरी’ दर दोन-तीन वर्षांनी व्हायची. नाटक अण्णांचं, दिग्दर्शन अण्णांचं, पात्रं कॉलनीतली. त्यातला पंचविसाव्या वर्षाचा प्रयोग जुन्या नटसंचाला पुन्हा बोलावून केलेला, आणि विश्वनाथने मित्राचा कॅमेरा उसना आणून तो टिपला होता. कॅमेरा अर्धा वेळ गणपतीच्या मखरावर होता. मग तो डावीकडे वळला आणि काळिंदी दिसली. तिशी उलटलेली, पोर झालेली सुनंदा, परकर-पोलक्यात. मुळात गोरी, त्यावर पावडरचा थर. तिने एक काळी चादर डोक्यावरून ओढली आणि प्रेक्षकांत टाळ्या झाल्या.

“कित्ती बारीक होते मी,” सुनंदा म्हणाली. लग्नाआधी तिने लागोपाठ काळिंदी केली होती, आणि पडदा ओढायला बसलेल्या विश्वनाथचं मन तिथेच बसलं होतं. त्यामुळे ही कॅसेट तिला लग्नाच्या अल्बमएवढीच प्रिय होती.

मग ढोल वाजला आणि उजवीकडून लखलखी आली. राक्षसांची पहारेकरीण, डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं, अंगाला नखशिखांत काजळ फासलेलं. अरुणाने स्वतःला ओळखलं. चादरीखालून सरकणाऱ्या सुनंदाच्या अंगावर वाकून त्या राक्षसिणीने हाळी दिली, “कोण आहे तिकडेऽ?” आणि मंडप हादरला. मागच्या रांगांतली पोरं आनंदाने किंचाळली. अख्ख्या कॉलनीत अरुणाची ही हाळी प्रसिद्ध होती. भाजी आणायला निघाली तरी पोरं गच्चीवरून तीच घालायची. तिने ते काम जीव तोडून केलं होतं. पहिल्या वेळी शिंगं हातात मिळाली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि रडायचं नाही असं ठरवल्यावर दुसरं करण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

कॅसेट खरखरत थांबली. अण्णासाहेब टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत राहिले.

“आजोबा,” कृतिका म्हणाली, “हे तर… यार, हे सेम आहे. क्रीमवाले पण नव्हते तेव्हा.”

“आम्हाला काय रंगाचं पडलं होतं?” सुनंदा फणकारली. “मला काम जमायचं म्हणून दिलं.”

“जमायचंच तुला,” अरुणा म्हणाली. तिचा भावजयीवर कधीच राग नव्हता. लखलखीची शिंगं सुनंदाच तर बांधून द्यायची, आणि काजळ खोबरेल तेलाने तासभर पुसून काढायची तीही सुनंदाच. “पण अण्णा, एक विचारू? चादर का आणलीत? पुस्तकात नव्हती ना.”

इतक्या वर्षांचा प्रश्न इतक्या साध्या आवाजात बाहेर पडला की तिचं तिलाच नवल वाटलं. विश्वनाथ घसा खाकरून काहीतरी म्हणणार होता. सुनंदाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं. सोफ्यांची वाटणी तिथेच मोडली.

“गॅसबत्त्या होत्या तेव्हा,” अण्णासाहेब म्हणाले. “मागच्या रांगेला दिसायला हवं.”

“मी मागच्या रांगेला दिसायचेच की. शिंगं लावून.”

अण्णासाहेबांनी पेन खिशातून काढलं, उगाच टोपण उघडलं, पुन्हा लावलं. “पुढच्या रांगेत सगळ्यांच्या आया बसायच्या,” ते शेवटी म्हणाले. “सेक्रेटरीसाहेबांचं कुटुंब बसायचं. राजकन्या अशी का, म्हणून कुणी हसलं असतं, तर ते तू ऐकलं असतंस. मला सोसलं नसतं ते. राक्षसिणीला कोण हसतं? म्हणून आपली शिंगं.” त्यांनी पेन पुन्हा खिशाला लावलं. “पुस्तकात मी धीट होतो गं. मंडळात नव्हतो.”

अरुणाला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी हसूही आलं. आपल्याला कुणी हसू नये म्हणून बापाने डोक्यावर शिंगं बांधली, हे असलं प्रेम फक्त अण्णांनाच सुचू शकतं, असं तिला वाटलं. ती काही बोलणार, तेवढ्यात पंखा मंदावला, फ्रिजने उचकी दिली आणि दिवे गेले.

नोएडात दिवे जायचे म्हणजे सबंध सेक्टरचे जायचे. खिडकीबाहेर रस्ता गेला, समोरची इमारत गेली, आणि खोलीत स्वतःचा हात दिसेना.

“सोसायटीचा जनरेटर सुरू होईल,” विश्वनाथचा आवाज आला. “गार्ड पंप मारतो, मग होतो. थोडा वेळ लागतो. मेणबत्ती कुठेय?”

“राहू दे,” अण्णासाहेबांचा आवाज म्हणाला.

अंधारात प्रतीक बोलायला लागला. दिसत नसल्याने बहुधा त्याला धीर आला होता. “सर, मैं समझ गया। सच में। लेकिन चादर निकाल दूँ तो सीन कैसे बनेगा? कोई पहरेदारों के बीच से ऐसे ही थोड़ी निकल जाएगा। देखने वाला मानेगा नहीं।”

“थांबा, दाखवते,” अरुणा म्हणाली. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने चपला काढल्या होत्या. “अण्णा, लाडवांचं ताट मांडीवर घ्या. ते सूर्याचं बी. बाकीचे सगळे राक्षस. ज्याला मी दिसेन त्याने पकडायचं.”

“आणि लखलखी?” कृतिकाने विचारलं.

मग सुनंदाचा आवाज आला. “मी आहे की. मला पाठ आहे ते.”

अरुणा निघाली. दारापर्यंत मागे गेली, भिंतीला पाठ लावून डायनिंगच्या बाजूने वळली. लहानपणी लोधी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये असेच दिवे जायचे, आणि फडताळातल्या लाडवांच्या डब्याकडे ती अशीच जायची, तळव्याची बाहेरची कड टेकवत. गोरापान विश्वनाथ दर वेळी पकडला जायचा, आईच्या नजरेत भरायचा. अरुणा कधीच सापडली नाही. कृतिकाच्या केसांचा वास आला, ती बाजूला झाली. प्रतीकच्या पेजरची बारीक हिरवी खूण दिसली, तिला वळसा घातला. अण्णांचा श्वास ऐकू आला. तिने हात पुढे केला.

“कोण आहे तिकडेऽ?”

सुनंदाने हाळी अशी दिली की अरुणाचा हात ताटावर थबकला. तोच हेल, तीच शेवटची ओढ. इतकी वर्षं चादरीखाली वाकून तिने ती ऐकली होती, कानामात्रेचाही फरक नव्हता. अरुणाने लाडू उचलला. पुस्तकात काळिंदी सूर्याचं बी मुठीत धरत नाही, ते बोटांच्या फटींतून चमकलं असतं. ती ते तोंडात ठेवते आणि ओठ मिटून घेते. म्हणून तिला उत्तर देता येत नाही, आणि म्हणून राक्षसांना ती कधीच कळत नाही.

“कोण आहे तिकडेऽ?” सुनंदाने पुन्हा विचारलं, आता हसू दाबत.

खाली जनरेटर धडधडला आणि दिवे आले. अण्णासाहेब ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. विश्वनाथ पकडण्याच्या पवित्र्यात, हात पसरून, चुकीच्या दिशेला तोंड करून उभा होता. सुनंदाने कपाळाशी दोन बोटांची शिंगं धरली होती. अरुणा पार पलीकडे, बाल्कनीच्या दाराशी होती. रचलेल्या लाडवांचा कळस गेला होता.

“आंटी वहाँ कब पहुँचीं?” प्रतीक उभाच राहिला. “मेरे सामने से गईं? सर, यही चाहिए मुझे। परदा पूरा काला, सिर्फ साँस की आवाज़, और वो चिल्लाना।”

“और चादर?”

“कौन सी चादर, सर?”

“क्रीमवाले?” विश्वनाथने काळजीने विचारलं.

“अंकल, उनसे लड़ लूँगा। हार भी सकता हूँ।” प्रतीकने करार टीपॉयवर ठेवला.

अण्णासाहेबांनी तो उचलला आणि न वाचता त्याच्या हातात परत दिला. “पहले लड़की ढूँढ़ो। काली। फिर मेरे पास लाओ, फिर दस्तखत।”

“ढूँढ़ लूँगा, सर।” प्रतीक बॅग आवरता आवरता थांबला. “वैसे, सर, किताब वाली काळिंदी… वो सच में कोई थी?”

अण्णासाहेबांनी ताट टीपॉयवर ठेवलं. चष्मा नीट केला. मुलगा, सून, नात, परका पाहुणा, सगळे ऐकत होते.

“थी नहीं, है,” ते म्हणाले. “छह साल की थी, बेसन के लड्डू चुराती थी। मी नुसतं लिहून काढलं. ती बघा, तिथे उभी आहे. माझी काळिंदी.” मग आवाज फुटू नये म्हणून ते जरा रागावल्यासारखे बोलले. “अरुणा, सांग ना त्यांना. अशी गप्प का?”

सगळे तिच्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. तिने मान हलवली, एक हात वर करून जरा थांबा म्हणून खूण केली. तिच्या तोंडात लाडू होता.